तुम्ही विचारलंत म्हणून: अण्णांचे मेंदूचे व्यायाम मी का बंद केले

गेल्या दीड वर्षात हा प्रश्न इतक्यांनी विचारलाय की फोनवर कुणी "बरं, एक विचारू का" म्हणालं की पुढचं वाक्य मला पाठ असतं. "तू अण्णांकडून रोज ते मेंदूचे गेम वगैरे करून घ्यायचीस ना, ते बंद का केलंस गं? चांगलं चाललं होतं की." आत्याने विचारलं, दोन्ही चुलत भावांनी विचारलं, ऑफिसमधल्यांनी विचारलं. आणि त्याच्यामागचा खरा प्रश्न फक्त एकाच व्यक्तीने तोंडावर विचारला, की बंद केलंस म्हणूनच ते एवढे झपाट्याने उतरले का? त्या दिवशी मी काही न बोलता फोन ठेवला होता. आज सगळं एकदाच सांगते.

अण्णा म्हणजे माझे वडील, त्यांना डिमेन्शिया आहे, म्हणजे आठवण आणि विचार करण्याची ताकद हळूहळू कमी होत जाण्याचा आजार. ते व्यायाम सुरू मीच केले होते हे आधीच सांगते. आणि सगळ्यांना सांगत पण मीच सुटले होते. ग्रुपवर लिंका टाकल्या, लोकांच्या आईवडिलांच्या फोनवर ॲप टाकून दिले, त्यामुळे आज तेच लोक मला विचारतात तर त्यात त्यांचं काही चुकत नाही.

पण मी ते अडाणीपणाने केलं नव्हतं, हेही ऐकून घ्या. अमेरिकेत नव्वदच्या दशकाच्या शेवटी ॲक्टिव्ह नावाचा मोठा अभ्यास सुरू झाला, ६५ च्या पुढचे २,८३२ लोक, काहींना स्मरणशक्तीचं ट्रेनिंग, काहींना तर्काचं, काहींना नजरेने पटकन टिपण्याच्या वेगाचं. तास-सव्वातासाची जेमतेम दहा सेशन आणि काहींना नंतर थोडी उजळणी, बस. तरी दहा वर्षांनी तपासलं तेव्हा तर्काचा आणि वेगाचा फायदा टिकून होता. मी हे वाचलं आणि मला वाटलं की दहा सेशनने जर दहा वर्षं टिकतं, तर मी अण्णांकडून रोज करून घेईन, रोज म्हणजे रोज. त्याच लेखात पुढे लिहिलेलं होतं की स्मरणशक्तीच्या ट्रेनिंगचा फायदा दहा वर्षांनी उरला नव्हता, आणि ज्याने जे ट्रेनिंग घेतलं तो मुख्यतः त्यातच सुधारला होता. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे सुरुवातीला त्यातल्या कुणालाच डिमेन्शिया नव्हता. अण्णांचं निदान तर होऊन गेलं होतं, सुरुवातीची स्टेज असली तरी. हे मी वाचलं होतं, पण डोळे त्यावरून पुढे गेले.

२०१० चा ११ हजारांहून जास्त लोकांचा अभ्यासही मला माहीत होता, सहा आठवडे ऑनलाइन गेम खेळले, गेममध्ये सगळे सुधारले, बाकीच्या चाचण्यांत काही फरक नाही. पण ते लोक साठीच्या आतले होते, म्हणून मी तो बाजूला टाकला. अमेरिकेत २०१६ साली अशाच एका ब्रेन ट्रेनिंगवाल्या कंपनीला खोट्या दाव्यांबद्दल २० लाख डॉलर भरावे लागले, तेही माहीत होतं. तेव्हा मी म्हणाले कंपनी खोटी असेल, व्यायाम थोडाच खोटा आहे.

तर रोज संध्याकाळी सात वाजता. आधी टॅबवर जोड्या लावायचा गेम, मग आज तारीख काय, वार काय, मग शंभरातून सात वजा करत खाली यायचं, आणि शेवटी मी सुरुवातीला सांगितलेले पाच शब्द परत सांगायचे. घोडा, फूल, शाळा, चमचा, साबण. मी वही केली होती, त्यात मार्क लिहायचे. पहिले तीन महिने जोड्यांचा स्कोअर वाढत गेला आणि मी सगळ्यांना सांगितलं की अण्णा सुधारतायत. त्याच तीन महिन्यांत ते टीव्हीचा रिमोट उलटा धरायला लागले होते, चश्मा डोळ्यावर असताना चश्मा शोधत फिरायचे. ते मी वहीत लिहीत नव्हते, कारण त्याला कॉलम नव्हता.

अण्णांनी आयुष्यभर हिशोबाचं काम केलं. लांबच्या लांब आकड्यांची बेरीज कॅल्क्युलेटर न लावता करायचे, नुसतं बोट खाली सरकवत न्यायचं आणि खाली उत्तर लिहायचं. त्यांना शंभरातून सात वजा करायला सांगताना मला काहीच वाटलं नाही, हे आता आठवलं तरी कसंतरी होतं.

त्या दिवशी मला ऑफिसमधून यायला उशीर झाला होता. मी आले तर अण्णा टेबलाशी आधीच बसलेले, चश्मा लावून, टॅब समोर. तारीख बरोबर सांगितली, वार बरोबर. मग वजाबाकी, त्र्याण्णव, शहाऐंशी, एकोणऐंशी, आणि दरवेळी खाली मांडीकडे बघायचे. मला आधी कळलं नाही. मग पाच शब्द. घोडा म्हणाले, फूल म्हणाले, खाली बघितलं, शाळा. शाळा त्यांना कधीच आठवायची नाही, "माळा" म्हणायचे, मी वहीत कितीतरी वेळा फुली मारली होती. म्हणून मी वाकून बघितलं. मांडीवर चार घड्यांची चिठ्ठी होती. वर आजची तारीख, त्याच्यावर कालची आणि परवाची खोडलेली. मग पाच शब्द, एकाखाली एक. मग ९३, ८६, ७९, ७२, ६५, आकड्याखाली आकडा, एकक एककाखाली, हिशोबाच्या वहीत लिहितात तसे. सगळे बरोबर. दुपारी कधीतरी एकटे बसून त्यांनी ते करून ठेवलं होतं.

मी ती चिठ्ठी त्यांच्या हातातून घेतली आणि फाडली.

"बघूनच सांगायचं असेल तर मी रोज कशाला बसते तुमच्यापुढे?" असं म्हणाले, मोठ्याने, कारण त्यांना कमी ऐकू यायला लागल्यापासून मी मोठ्यानेच बोलायचे. ते माझ्याकडे बघत राहिले. शाळेत मास्तरांनी पकडल्यावर मुलाचं होतं तसं तोंड झालं होतं त्यांचं. म्हणाले, "उद्या नीट करतो. रागावू नकोस."

माझ्या वडिलांनी मला कधी "रागावू नकोस" म्हटलं नव्हतं. लहानपणी मी त्यांना म्हणायचे.

त्यानंतर आठवडाभर मी बसवलं तरी ते बोलायचेच नाहीत, किंवा सगळ्याला "आठवत नाही" म्हणायचे, आधी येणाऱ्याही गोष्टींना. आठव्या दिवशी मी बंद केलं. हे झालं उत्तर. सायन्स वाचून बंद नाही केलं, सायन्स मी नंतर वाचलं, परत, नीट.

आणि नंतर जे कळलं ते त्या चिठ्ठीपेक्षाही जड आहे. कानाची तपासणी केली, दोन वर्षं टाळत होतो ती. वरच्या पट्टीतले आवाज त्यांना जवळजवळ येतच नव्हते, स, श, फ असली अक्षरं. म्हणजे मी "शाळा" म्हणत होते आणि ते "माळा" ऐकत होते, आणि जे ऐकलं ते बरोबर लक्षात ठेवून मला परत देत होते. सगळ्याच फुल्या तशा नव्हत्या, पण त्या होत्या. डिमेन्शियाच्या टाळता येण्याजोग्या कारणांची लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकाच्या तज्ज्ञांची २०२४ ची यादी आहे, चौदा गोष्टींची, त्यात कमी ऐकू येणं अगदी वरच्या कारणांत आहे. आता "कानाचं मशीन लावलं की डिमेन्शिया बरा होतो" असं कुणाला सांगू नका प्लीज. २०२३ मध्ये ९७७ लोकांवरचा तीन वर्षांचा अभ्यास आला, त्यात सगळ्यांचा मिळून फरक दिसला नाही, ज्यांना मुळात धोका जास्त होता त्यांच्यातच विचारशक्तीची घसरण ४८ टक्क्यांनी कमी होती. अण्णा मशीन लावतात, कधी काढून ठेवतात. लावल्यावर बोलण्यात भाग घेतात, एवढं मी डोळ्याने बघितलंय.

मग मला ट्रेनिंग आणि स्टिम्युलेशन यातला फरक कळला, जे मी एकच समजून चालले होते. ब्रिटनमध्ये उपचारांच्या गाइडलाइन काढणारी नाइस नावाची संस्था आहे, तिच्या २०१८ च्या गाइडलाइनमध्ये साफ लिहिलंय की सौम्य ते मध्यम अल्झायमरवर (डिमेन्शियाचाच एक प्रकार) उपचार म्हणून कॉग्निटिव्ह ट्रेनिंग, म्हणजे मी करून घेत होते तसले मेंदूचे व्यायाम, देऊ नका, आणि त्याच गाइडलाइनमध्ये ग्रुपमधलं कॉग्निटिव्ह स्टिम्युलेशन मात्र द्या म्हटलंय. त्या थेरपीची साधारण सात आठवड्यांत चौदा सेशन असतात, गप्पा, गाणी, जुन्या वस्तू, फोटो, आणि त्यांचं एक तत्त्व असं की माहिती विचारू नका, मत विचारा. हा फोटो कुणाचा असं नाही, यातलं तुम्हाला कोण आवडतं असं. मताला चूक नसते. हे वाचलं आणि वही फेकून दिली. ग्रुप काही मिळाला नाही, घरीच जमेल तसं करते. परवा दोन फोटो समोर ठेवले तर एका माणसाबद्दल म्हणाले, "हा लबाड आहे." कोण ते सांगता आलं नाही. पण बरोबर होतं!

आता तो दुसरा प्रश्न. बंद केल्यावर उतरले का? हो, त्यानंतरच्या सहा महिन्यांत खूप उतरले. याला एक स्पष्टीकरण आहे, कोलंबिया युनिव्हर्सिटीच्या याकोव्ह स्टर्न यांनी कॉग्निटिव्ह रिझर्व्हबद्दल खूप काम केलंय त्यातलं. ज्याने आयुष्यभर डोकं वापरलंय त्याचा मेंदू आतून खराब होत असतानाही बराच काळ वरून ठीक चालतो, राखीव साठा असतो म्हणून. निदान उशिरा होतं, आणि झाल्यावर मात्र घसरण जास्त वेगाने होते, कारण तोपर्यंत आत बरंच नुकसान होऊन गेलेलं असतं. अण्णांना हे अगदी फिट बसतं. गेम चालू ठेवले असते तरी ते असेच उतरले असते, असं मी म्हणू शकते आणि म्हणते.

पण हे स्पष्टीकरण मला सोयीचं आहे, हेही मला दिसतं. रात्री झोप येत नाही तेव्हा आधीची मी येते, ती वहीवाली, आणि म्हणते की निदान सात वाजता तू त्यांच्या शेजारी बसत तरी होतीस, रोज, अर्धा तास, आता बसतेस का रोज? नाही बसत. मतं विचारायला वेळ लागतो, मूड लागतो, मार्क लिहायला काहीच लागत नव्हतं. मी तिला सांगते की तू त्यांच्याजवळ नाही, स्कोअरजवळ बसत होतीस. ती म्हणते, त्यांना तेवढंही चालत असेल तर? मग मी गप्प बसते. आणि ती चिठ्ठी. परीक्षा कधी आहे ते लक्षात ठेवणं, प्रश्न आधीच ओळखणं, दुपारी उत्तरं काढणं, लपवणं, वेळेला बाहेर काढणं, अख्ख्या वर्षात त्यांच्या डोक्याने एवढं काम दुसऱ्या कशासाठी केलं नसेल. विसरायला लागलेल्या माणसाला असंच लिहून जवळ ठेवायला शिकवतात खरं तर. त्यांनी आपलं आपण शोधून काढलं होतं.

तुमच्यापैकी काहीजण विचारता की मग आम्ही आमचं काय करायचं, आम्हाला अजून काही झालेलं नाही. मला आवडतं म्हणून मी शब्दकोडं सोडवते, त्याच्या जिवावर काही दावा करत नाही. नवीन आणि अवघड काहीतरी शिका. अमेरिकेतल्या एका प्रयोगात म्हाताऱ्या माणसांनी तीन महिने आठवड्याला पंधरा तास डिजिटल फोटोग्राफी आणि गोधडीकाम शिकलं, त्यांची स्मरणशक्ती नुसतं एकत्र जमून वेळ घालवणाऱ्यांपेक्षा सुधारली. चाला, बीपी बघा, आणि कान तपासा, आधी कान तपासा.

अण्णा अजूनही सातच्या सुमाराला टेबलाशी येऊन बसतात. रोज नाही, पण बसतात, चश्मा लावून. गेल्या आठवड्यात मी तिथेच लॅपटॉपवर काम करत होते तर म्हणाले, "आज काही विचारणार नाहीस?" सुटलो का म्हणून विचारत होते की वाट बघत होते, मला कळलं नाही. मी नाही म्हटलं. ते थोडा वेळ तसेच बसले, मग खिसा चाचपला, वरचा, शर्टाचा, त्यात काही नव्हतं. आणि उठून आत गेले.