आमची वाटचाल : एकाच निकेलचे तीनदा पैसे

भोसरी एमआयडीसीत आमचं प्लेटिंगचं, म्हणजे दुसऱ्यांच्या मालावर धातूचा थर चढवून द्यायचं जॉबवर्क चालतं. झिंक आणि निकेल. गिऱ्हाईक बहुतेक वाहनांचे सुटे भाग बनवणारे. ईटीपी, म्हणजे सांडपाणी शुद्ध करायचा प्लांट, पहिल्यापासून आहे, पण पर्यावरणापायी वर्षाला किती जातात, हे टॅलीत एका जागी दिसायचं नाही. ईटीपीत लागणाऱ्या कॉस्टिक सोड्याचं बिल केमिकल खरेदीत, ईटीपीतला गाळ (स्लज) रांजणगावच्या घातक कचरा केंद्राला पाठवायचं भाडं वाहतुकीत, ईटीपीच्या पंपांची वीज कारखान्याच्या बिलात. बहुतेक लघुउद्योगांचे हिशेब असेच असतात.

आमचे हिशेब पाहणाऱ्या ताईंनी चार रकाने केले. घाण होऊच नये म्हणून केलेला खर्च पहिल्यात. पाण्याच्या नमुन्यांची तपासणी, दर 30 सप्टेंबरपर्यंत द्यायच्या फॉर्म 5 चं (वार्षिक पर्यावरण विवरणपत्राचं) काम दुसऱ्यात. ईटीपी आणि स्लज तिसऱ्यात, कारण झालेली घाण आवारातच आवरायचा तो खर्च. चौथा रकाना कुंपणाबाहेर गेलेल्या घाणीचा. तो कोराच राहिला पाहिजे, यावर आम्ही ठाम आहोत.

सगळ्यांत मोठी रक्कम मात्र यांतल्या कुठल्याच बिलावर नव्हती. जिग, म्हणजे माल टांगायची चौकट, निकेलच्या टाकीतून उचलली की मालाला चिकटलेलं द्रावण धुण्याच्या पाण्यात उतरतं. ते निकेल आपण विकत घेतलेलं असतं. ईटीपीत ते खाली बसवायला कॉस्टिक घालायचा, आणि शेवटी तेच स्लज म्हणून किलोच्या दराने पैसे मोजून बाहेर पाठवायचं. वाया गेलेल्या मालालाही खर्च लावून दाखवा, असं 2011 चं आयएसओ 14051 हे आंतरराष्ट्रीय मानक सांगतं, ते मला अगदी पटलं. आता जिग टाकीवर जास्त वेळ निथळू देतो. निकेलची टाकी गरम असते, पाणी उडून जागा होते. तिथे पहिल्या धुण्याचं पाणी परत भरतो.

झिंकवरच्या पॅसिव्हेशनवर, म्हणजे झिंक गंजू नये म्हणून वर देतो त्या क्रोमच्या पातळ थरावर, मात्र बरीच चर्चा झाली. युरोपने 1 जुलै 2007 पासून गाड्यांच्या गंजरोधक थरातलं हेक्साव्हॅलंट हे विषारी क्रोम बंद केलं, तसं निर्यातीचं गिऱ्हाईक ट्रायव्हॅलंट हे कमी घातक क्रोम मागू लागलं. ते महाग. मग सगळी किंमत पर्यावरणाच्या नावे टाकायची? माझ्या मते नाही. दोन्हींच्या दरातला फरक तेवढा धरावा, आणि हेक्साव्हॅलंटच्या सांडपाण्यातलं विष कमी करायला लागणारं मेटाबायसल्फाइट हे रसायन वाचलं, त्याची किंमत त्यातून वजा करावी.

कोटेशनमध्येही आता निकेल आणि झिंकचा ईटीपी खर्च वेगळा धरतो. आधी तो वजनावर वाटला जायचा आणि निकेलचा भार झिंकवाल्यांवर पडायचा.