आमची वाटचाल : वाइनच्या टाक्यांपासून ग्लोव्ह बॉक्सपर्यंत

नाशिकच्या अंबड एमआयडीसीत आम्ही आधी वायनरीच्या स्टीलच्या टाक्या वेल्ड करायचो. पुण्याच्या एक प्राध्यापिका मॅडम ग्लोव्ह बॉक्सचं, म्हणजे बाहेरून हातमोज्यांत हात घालून आत काम करायच्या हवाबंद पेटीचं, ड्रॉइंग घेऊन आल्या आणि म्हणाल्या, "आतला ऑक्सिजन एक पीपीएमच्या, म्हणजे दहा लाखांत एका भागाच्या खाली राहिला पाहिजे." माझे भागीदार अण्णा म्हणाले, "होईल." टिग वेल्डिंगची टॉर्च त्यांच्या हातात असली की कोपऱ्यातली शिवण बोटाला लागत नाही. हातमोजे मात्र ब्युटाइल रबराचेच घ्या. साध्या रबरातून बाष्प आत येतंच.

पुढे ओझोनचं चेंबर केलं. टंगस्टन डायसेलेनाइड हा पातळ थरांचा सेमीकंडक्टर. त्याच्यावर कमी तापमानाला ओझोन सोडला की वरचा एकच थर ऑक्साइड होतो आणि क्रिया तिथंच थांबते. तो पोटॅशियम हायड्रॉक्साइडने धुतला की जाडी साधारण 0.7 नॅनोमीटरने उतरते. प्लाझ्माने थर खरवडताना होते तशी खालच्या थराला इजा नाही.

मग ते वर्ष आलं. एका प्रयोगशाळेने कळवलं, ब्लॅक फॉस्फरसच्या (हवेत खराब होणारा थरांचा पदार्थ) पापुद्र्यांवर काही तासांत थेंब उठतात, बॉक्स गळका आहे. बिल अडकलं. जीएसटी आम्ही खिशातून भरून बसलेलो! मुंबईचा एक पुरवठादार तेवढ्यात सगळीकडे सांगत सुटला, "नाशिकवाले टाक्या बनवणारे, त्यांना यातलं काय कळतं?" दुसरा वेल्डिंग सेट विकला. अण्णांनी कित्येक महिने घरी पैसे नेले नाहीत.

पुण्याच्या मॅडम स्वतः त्या प्रयोगशाळेत आल्या. गळती शोधायला हीलियमचा प्रोब प्रत्येक शिवणीवरून फिरवला. लीक डिटेक्टरचा आकडा हलला नाही. मग विद्यार्थ्याला सगळं करून दाखवायला सांगितलं. पठ्ठ्या पापुद्रे बॉक्समध्ये सोलायचा आणि पातळ तुकडा शोधायला बाहेरच्या मायक्रोस्कोपखाली, भर दिव्यात ठेवायचा. हवा, बाष्प, उजेड, तिन्ही एकदम! ॲल्युमिनाचा संरक्षक थर त्यानंतर चढवायचा, म्हणजे कीड झाकून वर रंग. मायक्रोस्कोप आतच हवा.

मॅडमनी तसं लेखी दिलं. बिल निघालं, पण पुढची ऑर्डर मुंबईलाच गेली. "चुकलं" असं एका शब्दाने कुणी म्हणालं नाही. नव्या पोरांना सांगतो, निम्मा ॲडव्हान्स घेतल्याशिवाय पत्रा कापू नका, समोरचा कितीही मोठा साहेब असो.

नंतरची वर्षं बरी गेली. परवा एका प्रदर्शनात त्या मुंबईवाल्याचा बॉक्स दिसला. कोपऱ्याची घडी थेट अण्णांची. अण्णांनी शिवणीवरून बोट फिरवलं आणि म्हणाले, "चल, चहा घेऊ."