विमान कंपन्या एक झाल्या की आपल्या तिकिटाचं अन् पॉइंट्सचं काय होतं

विस्तारा ही विमान कंपनी एअर इंडियात जाऊन इतका काळ झाला तरी आमच्या नातेवाइकांच्या ग्रुपवर अधूनमधून कोणीतरी विचारतंच, माझे क्लब विस्ताराचे, म्हणजे त्यांच्या विमानाने फिरून जमवलेले पॉइंट्स बुडाले का रे. घरातली सगळी तिकिटं मीच काढतो म्हणून उत्तर द्यायचं काम पण माझ्याकडेच. तर राजेहो, नाही बुडाले. पण "नाही बुडाले" एवढ्यावर खुश होऊन झोपू पण नका.

आधी विलीनीकरण अन् दिवाळं यातला फरक बघा, कारण लोक दोन्ही एकाच मापाने मोजून राहिले. दोन भावांची दुकानं एक झाली की उधारीची वही नव्या गल्ल्यावर येते, पण दुकानालाच कुलूप लागलं तर वही घेऊन कोणाकडे जाणार? गो फर्स्ट ही विमान कंपनी ३ मे २०२३ ला थांबली, ज्यांची पुढची तिकिटं होती त्यांचे पैसे दिवाळखोरीच्या खटल्यात अडकले, अन् जानेवारी २०२५ मध्ये तर कंपनी मोडीत काढायचाच आदेश निघाला. किंगफिशर २०१२ मध्ये बसली तेव्हा किंग क्लबच्या माइल्सची, म्हणजे त्यांच्या पॉइंट्सची, रद्दी झाली. जेटचं प्रकरण तर अजूनच गमतीचं, विमानं एप्रिल २०१९ मध्ये बंद, पण माइल्सचा कारभार वेगळ्या कंपनीकडे होता म्हणून तो इंटरमाइल्स नावाने पुढे चालू राहिला! म्हणजे माइल्स होते पण त्यांचं विमान नव्हतं.

विस्ताराचं तसं नव्हतं. टाटा अन् सिंगापूर एअरलाइन्सने नोव्हेंबर २०२२ मध्येच सांगून टाकलं होतं की ती एअर इंडियात जाणार, अन् १२ नोव्हेंबर २०२४ ला गेली. त्याच्या थोडं आधी, १ ऑक्टोबरला, पूर्वीची एअरएशिया इंडिया एअर इंडिया एक्स्प्रेसमध्ये गेली होती. ज्यांची पुढची तिकिटं काढून झाली होती ती रद्द नाही झाली, एअर इंडियाच्या नावावर चढली. फ्लाइट नंबरात विस्ताराच्या यूके या अक्षरांच्या जागी एअर इंडियाची एआय अन् पुढे एक २ चिकटवला, यूके ९५५ ची एआय २९५५ झाली, बस. विमान तेच, क्रू तोच, आकाशात काही फरक नाही.

फरक पडतो तो कागदावर. पीएनआर म्हणजे तिकीट नव्हे, हे पहिले डोक्यात घाला. पीएनआर म्हणजे नुसतं बुकिंग, खरं तिकीट म्हणजे तो १३ आकडी ई-तिकीट नंबर, त्याचे पहिले तीन आकडे कंपनीचे असतात, विस्ताराचे २२८ होते, एअर इंडियाचे ०९८. कंपनी बदलली, वेळ बदलली की बुकिंगमध्ये नवीन फ्लाइट दिसते पण तिकीट नव्याने इश्यू झालेलं नसेल तर दोघांचा मेळ बसत नाही, मग वेब चेक-इन "काउंटरवर जा" म्हणते अन् काउंटरवरची पोरगी फोन लावत बसते. म्हणून बुकिंग हलल्याचा मेल आला की आधी ई-तिकीट नंबर उघडून बघायचा, मग सीट, मग जेवण. पैसे देऊन घेतलेली खिडकीची सीट विमानाचा प्रकार बदलला की हमखास गायब होते, अन् ती परत मागावी लागते, आपोआप कोणी देत नाही.

आता आमच्या मावशीचं ऐका. मावशी त्रिमूर्ती नगरला राहते, पोरगी सिंगापूरला. सीताबर्डीच्या एका एजंटाने विस्ताराचं मुंबई-सिंगापूर तिकीट काढून दिलं अन् नागपूर-मुंबई दुसऱ्याच कंपनीचं, वेगळ्या पीएनआरवर, कारण पाचशे-हजार वाचत होते. अन् बुकिंगमध्ये मोबाइल नंबर टाकला स्वतःचा! विलीनीकरणात पुढच्या फ्लाइटची वेळ अलीकडे आली, त्याचा मेसेज गेला एजंटाला, एजंट लग्नाला गावाला. मावशीला कळलं ते मी सहज तिचं बुकिंग वेबसाइटवर टाकून बघितलं तेव्हा, नाहीतर ती मुंबईत उतरायच्या आत चेक-इन काउंटर बंद झालं असतं. नागपूर-मुंबईचं दुसरं, आधीच्या वेळेचं तिकीट नवीन पैसे देऊन घ्यावं लागलं, कारण त्या नागपूर-मुंबईवाल्या कंपनीला काय घेणंदेणं, त्यांची फ्लाइट तर वेळेवरच होती.

आपल्या नागपूरकरांची ही कायमची अडचण आहे. सोनेगाव विमानतळावरून दोहा, शारजा सोडलं तर परदेशी जायला मुंबई नाहीतर दिल्ली करावीच लागते, म्हणजे जोड तिकीट आलंच. म्हणून माझं एकच म्हणणं, थोडे जास्त लागले तरी सगळं एका पीएनआरवर घ्या. मग एक टप्पा हलला तर दुसरा जुळवून द्यायची जबाबदारी कंपनीची, तुमची नाही. अन् खरं सांगू का, इथे विलीनीकरणाचा फायदाच आहे, विस्ताराची मुंबईवरून जाणारी परदेशी फ्लाइट अन् एअर इंडियाची नागपूर-मुंबई आता एकाच कंपनीची झाली.

कंपनीने फ्लाइटच रद्द केली तर डीजीसीएचा, म्हणजे विमान कंपन्यांवर नजर ठेवणाऱ्या सरकारी खात्याचा, नियम आहे, दुसरी फ्लाइट नाहीतर पूर्ण पैसे, तुम्हाला जे चालेल ते. व्हाउचर गळ्यात मारत असतील तर नाही म्हणा. एजंटाकडून तिकीट घेतलं असेल तरी रिफंडची जबाबदारी एअरलाइनचीच, एजंट हा त्यांचाच माणूस धरतात. ऐकत नसतील तर सरकारच्या एअरसेवा पोर्टलवर तक्रार टाका.

आता पॉइंट्स. क्लब विस्ताराचे पॉइंट्स एकास एक एअर इंडियाकडे आले, तिथल्या फ्लाइंग रिटर्न्स या पॉइंट्सच्या योजनेचं नाव महाराजा क्लब झालं, सिल्व्हर-गोल्ड वाल्यांना बरोबरीचा दर्जा पण दिला. ऐकायला झकास आहे. पण पॉइंट्सचा आकडा तेवढाच राहिला म्हणजे त्याची किंमत तेवढीच राहिली असं नाही ना बाप्पा! किंमत ठरते एका तिकिटाला किती पॉइंट्स मागतात त्यावर, अन् तो तक्ता कंपनीच्या हातात. आज अमुक इतक्यात मिळणारं तिकीट उद्या दीडपट झालं तर तुम्ही कोणाकडे दाद मागणार? कुठेच नाही, अटींमध्ये आधीच लिहून ठेवलेलं असतं. विस्ताराची ती बँकांची कार्डं पण, ज्यावर ठरावीक खर्च केला की फुकट तिकिटाचं व्हाउचर मिळायचं, हळूहळू गुंडाळली गेली, अन् मला विचाराल तर खरं नुकसान तिथे झालं. पॉइंट्स आले, पण ते कमवायचा सोपा रस्ता गेला.

दुसरी बाजू पण आहे. विस्तारा कुठल्याच अलायन्समध्ये, म्हणजे विमान कंपन्यांच्या गटात, नव्हती, एअर इंडिया २०१४ पासून स्टार अलायन्समध्ये आहे, म्हणजे तेच पॉइंट्स आता त्या गटातल्या दुसऱ्या कंपन्यांवर पण चालतात. वर्षातून एकदा मुंबईला जाणाऱ्याला याचं काय कौतुक, पण ज्यांची पोरं बाहेर आहेत त्यांच्यासाठी हे कामाचं आहे.

अन् एकास एक हा काही जगाचा कायदा नाही बरं. अमेरिकेत अलास्का एअरलाइन्सने २०२४ मध्ये हवाईयन एअरलाइन्स घेतली तेव्हा माइल्स एकास एक धरले. कोरियन एअरने एशियाना घेतली, तिथे २०२५ मध्ये जो प्रस्ताव ठेवला त्यात विमानात बसून कमावलेले माइल्स एकास एक, पण कार्डावर खर्च करून कमावलेल्या एकाला फक्त ०.८२. म्हणजे ज्याने किराणा भरून माइल्स जमवले त्याचा पाचवा हिस्सा जवळजवळ गेला.

दोन कंपन्यांची पॉइंट्सची खाती जोडताना एक बारीक गोष्ट. एका खात्यावर नुसतं नाव-आडनाव अन् दुसऱ्यावर वडिलांच्या नावासकट तीन शब्द असतील, किंवा जुना ईमेल बंद पडला असेल, तर जुळत नाही. आपल्याकडे बायांच्या लग्नाआधीच्या आडनावाने तर हमखास अडतं. पासपोर्टवर आहे तेच नाव दोन्हीकडे ठेवा, अन् जुन्या खात्याच्या बॅलन्सचा स्क्रीनशॉट काढून ठेवा, जुनं अॅप एकदा बंद झालं की सिद्ध काहीच करता येत नाही.

मी तर पॉइंट्स साठवायच्या विरोधात आहे, आले की दिल्लीच्या नाहीतर मुंबईच्या तिकिटात उडवून मोकळा होतो. बायकोला मात्र ते युरोपच्या बिझनेस क्लाससाठी ठेवायचेत, अन् तिच्या खात्याचा पासवर्ड ती मला देत नाही.