बिल कुणाच्या नावानं?

सोलापुरात मी वाचोपचार, म्हणजे स्पीच थेरपी, करते. माझ्याकडे येणारा हा पोरगा चोविशीचा, बोलताना अडखळणारा, घरचा टॉवेलचा कारखाना. सूत, माग, उधारी सगळं तोंडपाठ, पण फोन वाजला की खाली गोडाऊनला पळायचा. बाहेर कुठे अडणारा शब्द टाळून दुसरा वापरता येतो, नावाला मात्र पर्याय नसतो. म्हणून कुणी नाव विचारलं की थोरल्या भावाचं सांगून मोकळा व्हायचा.

लहानपणी वेखंड चाटवून झालं होतं. वडिलांना कोडं एकच. "मॅडम, सिद्धेश्वरांच्या गड्ड्याच्या यात्रेत नंदीध्वजांमागं सगळ्यांबरोबर 'एकदा भक्तलिंग हर्र' म्हणताना कधी अडकत नाही बघा. मग घरातच कसं अडकतंय?" पोरगा सोंग करतो, असा त्यांना संशय. मी सांगितलं, गाताना किंवा सगळ्यांबरोबर एका सुरात बोलताना बहुतेकांचं अडखळणं थांबतंच. जीभ जड नसते, पोरगा भित्रा नसतो. बोलायच्या हालचालींची वेळ मेंदूत नीट जुळत नाही, आणि बऱ्याचदा हे घराण्यात चालत येतं. दोन ते पाच वर्षांच्या वयात सुरू होतं, बहुतेक मुलांचं जातंही. मोठ्यांत शंभरात साधारण एकाचं राहतं.

खोलीत त्याचं छान चाललं होतं. ओठ दाबायचे नाहीत, हलके टेकवायचे. अडकलंच तर शब्द ढकलायचा नाही, तिथेच ताण सैल करून पुढे सरकायचं. पण खोलीतलं बोलणं बाजारात टिकेलच असं नाही. म्हणून त्याला नवी पेठेत नेलं. अडखळण्याची भीती कमी व्हावी म्हणून मुद्दाम अडखळायचं ठरलं होतं. आधी मी.

चादरीच्या दुकानात मी म्हणाले, "प-प-प..." दुकानदारानं नजर खाली घातली आणि वाक्य स्वतःच पुरं केलं, "पांढरी ना? आहे की." माझे कान तापले. हे तंत्र मी कितीजणांना शिकवलंय, तरी आपल्या तोंडचा शब्द दुसऱ्यानं उचलला की आत काय होतं, ते तेव्हा समजलं. ही माणसं रोज हे सोसतात.

मग तो पुढे झाला. चादर घेतली. "बिल कुणाच्या नावानं?"

मुद्दाम अडखळायची गरजच पडली नाही. ओठ मिटले, मानेची शीर ताठली. मी मध्ये बोलले नाही; फार जड गेलं. त्यानं नजर हटवली नाही. श्वास सोडला, म्हणाला, "मी अडखळतो, जरा थांबा." आणि स्वतःचं नाव सांगितलं. दोनदा अडकत, पण पूर्ण. दुकानदार पेन धरून थांबला होता.

वडिलांना मी दोनच गोष्टी सांगितल्या: "सावकाश बोल" म्हणू नका आणि त्याचे शब्द तुम्ही पुरे करू नका. त्याला 'द इंडियन स्टॅमरिंग असोसिएशन'च्या स्वमदत गटाबद्दलही सांगितलं. 2008 पासून अडखळणारी माणसंच ते चालवतात. तिथे कुणी घाई करत नाही. पुढच्या सत्रात तो कारखान्याची वही आणणार आहे. मुंबईच्या व्यापाऱ्याला पहिला फोन माझ्यासमोर लावायचाय.