साठीतला मी

आज सकाळी अजिंक्यतारा चढताना निम्म्यातच धाप लागली. शेजारून एक पासष्टीचे काका शीळ घालत पुढे! माझं वय ४२, छाती मात्र जुन्या एसटीसारखी घरघरतेय.

उतरल्यावर सवयीनं पोवई नाक्याची टपरी. सिगारेट ओठात, काडी पेटलेली, आणि डोळ्यांसमोर साठीतला मी. पायथ्याशीच बसलोय, नातू वरून हाका मारतोय. बोटाला चटका बसला तेव्हा भानावर आलो.

२०११ साली हाल हर्शफील्ड या मानसशास्त्रज्ञानं लोकांना त्यांचेच म्हातारे चेहरे दाखवले, तर ते म्हातारपणासाठी जास्त पैसे बाजूला टाकायला तयार झाले. पैशांचं ठीक आहे, मला फुप्फुसं साठवायचीत.

तलफ काही मिनिटांचीच असते. तेवढ्यात दुसरा कटिंग मारला. सिगारेट परत द्यायला गेलो, तर टपरीवाले मामा म्हणाले, “उष्टी कोण घेणार?”