मिरी, दिवस ७० : कागदावरून मातीवर

मिरी या कुत्र्याच्या पिल्लाला घरी येऊन आज सत्तर दिवस झाले. ती आली तेव्हा दात पाहून डॉक्टरांनी तिचे वय साधारण आठ आठवडे सांगितले होते, म्हणजे आता ती चार महिन्यांची झाली आहे. पुण्यातला तिसऱ्या मजल्यावरचा फ्लॅट, जूनमध्ये सुरू झालेला पाऊस आणि लसीकरण पूर्ण होईपर्यंत खालच्या जमिनीवर पाय ठेवण्यास मनाई, अशा परिस्थितीत एका देशी पिल्लाला शी-शूची शिस्त कशी लागली आणि ती कुठे अडली, याची ही नोंद आहे. गेल्या अकरा दिवसांत घरातली फरशी एकदाही ओली झालेली नाही.

पहिले दोन आठवडे माझी सारी भिस्त वर्तमानपत्रांवर होती. हॉलच्या कोपऱ्यात कागद अंथरले आणि चौथ्या दिवसापासून मिरी आपणहून तिकडे जाऊ लागली, तेव्हा निम्मे काम झाले असे मला वाटले. मग एका दुपारी ती दारातल्या पायपुसण्यावर बसली, दुसऱ्या दिवशी आईने गहू निवडायला पसरलेल्या कागदावर, आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच्याच झोपायच्या गोणपाटाच्या कडेवर. या तिन्ही जागा नोंदवहीत एकाखाली एक लिहिल्यावर लक्षात आले की त्यांच्यात जागा म्हणून काहीच समान नव्हते. समान होते ते पायाखाली लागणारे, ओल शोषून घेणारे काहीतरी. मी तिला कोपरा शिकवत होते आणि ती पायाखालचा पोत शिकत होती. पिल्लांची ही आवड आठव्या-नवव्या आठवड्याच्या सुमारास पक्की होऊ लागते, आणि नेमक्या त्याच दिवसांत मी तिला कागदाची सवय लावून दिली होती. माझ्या मते फ्लॅटमधल्या पिल्लांच्या बाबतीत सर्वाधिक वेळ इथेच वाया जातो.

म्हणून पंधराव्या दिवशी कूलरखाली ठेवतात तसा पसरट पत्र्याचा ट्रे बाल्कनीत ठेवून त्यात चार बोटे माती भरली. ही माती खालून आणली नाही. पार्व्हो या पिल्लांच्या जीवघेण्या आजाराचा विषाणू मातीत कित्येक महिने तग धरून राहतो, आणि ज्या जमिनीवर पिल्लाला उतरवायचे नाही तीच जमीन ट्रेमध्ये भरून वर आणण्यात काही अर्थ नव्हता. त्यामुळे जिथे कधी कुत्रे फिरकले नाही अशा आमच्याच कुंड्यांतली माती वापरली. पहिल्या दिवशी मातीवर पूर्ण कागद पसरला, तिसऱ्या दिवशी अर्धा, पुढे तळहाताएवढा तुकडा, आणि चोविसाव्या दिवशी काहीच नाही. त्या सकाळी मिरी ट्रेमध्ये उभी राहून बराच वेळ कागद हुंगत शोधत राहिली, पुढच्या पंजाने दोनदा माती उकरली आणि मग बसली. मी श्वास रोखून उभी होते.

वेळांबाबत नोंदवहीचा फार उपयोग झाला. झोपून उठल्याबरोबर, खेळ थांबल्याबरोबर आणि खाल्ल्यानंतर दहा ते वीस मिनिटांत, या तीन वेळा जवळजवळ कधीच चुकल्या नाहीत. पोटात अन्न गेले की आतड्यांना चालना मिळते, हे त्यामागचे साधे कारण आहे. जितके महिने वय त्याहून एक तास अधिक, एवढा वेळ पिल्लू दिवसा थांबू शकते असा एक ठोकताळा आहे, पण तो कमाल मर्यादेचा आहे. मी सुरुवातीला दर दीड तासाने तिला नेत होते. तिची खूणही आता ओळखता येते. नाक फरशीला टेकते, शेपटीचे टोक ताठ होते आणि ती एकाच जागी दीड फेरी मारते. दुसरी फेरी पूर्ण होण्याआधी उचलले तर ट्रेपर्यंत पोहोचता येते. उकडलेल्या चिकनचा तुकडा मात्र तिथेच, तिचे काम संपल्यावर दोन सेकंदांच्या आत द्यावा लागतो, कारण आत येऊन दिला तर ते आत येण्याचे बक्षीस ठरते.

घरकामाला येणाऱ्या मावशी सुरुवातीला ओली जागा फिनेलने पुसत असत आणि मिरी पुन्हा तिथेच जाई. फिनेलने वास दबतो तो माणसाच्या नाकापुरता, शिवाय पंजे चाटल्यावर त्यातले काही घटक पिल्लाला अपायकारक ठरू शकतात. आता आम्ही आधी कापडाने ओल टिपून घेतो आणि मग एन्झाइमयुक्त क्लीनर ओतून पंधरा मिनिटे तसाच ठेवतो, कारण त्याला काम करायला वेळ लागतो. पिल्लाचे नाक त्या जागी घासावे, असे दोन-तीन जणांनी आग्रहाने सांगितले होते. मी ते केले नाही आणि कोणीही करू नये असे मला मनापासून वाटते. घाबरलेले पिल्लू आपल्यासमोर शू करायचे टाळते, सोफ्यामागे जाऊन करते, आणि मग शिकवण्याची संधीच उरत नाही.

एकतिसाव्या दिवशी सकाळच्या तीन तासांत तिने सहा वेळा थोडी थोडी शू केली, तीही घरभर. ही शिस्तीची घसरण नव्हती. लघवी तपासल्यावर मूत्रमार्गाचा संसर्ग निघाला आणि औषधांनी आठवड्यात ती बरी झाली. बसलेली सवय अचानक मोडली तर आधी डॉक्टरांकडे जावे.

शेवटची लस झाल्यावर थोडे दिवस थांबून, चौसष्टाव्या दिवशी तिला प्रथमच पट्टा लावून खाली नेले. सोबत ट्रेमधली मूठभर वापरलेली माती नेली आणि कुंपणाजवळच्या पारिजातकाखाली टाकली. तिने तो वास ओळखला आणि पाच मिनिटांत बसली. अडचण आता उरली आहे ती पावसाची. पोटाला ओले गवत लागले की ती पाय आखडून दारापाशी परत येते, म्हणून मी छत्री माझ्यावर न धरता तिच्या पाठीवर धरते आणि झाडाच्या बुंध्यालगतची कमी भिजलेली जागा निवडते. तीन रात्री ती तशीच परत आली होती आणि तिने वर येऊन ट्रे वापरला. कालची नोंद अशी आहे : रात्री १०.४०, पारिजातकाखाली, पाऊस चालू, शी आणि शू दोन्ही. बाल्कनीतला ट्रे अजून काढलेला नाही. पाऊस ओसरेपर्यंत तो तिथेच राहील.