सहावी-सातवीतल्या मुलांना कॉलेजसाठी तयार करायचं म्हणजे नक्की काय करायचं

हळदीकुंकू असो की कोणाची मुंज, आजकाल मला एकच प्रश्न येतो. ताई तुम्ही कॉलेजात शिकवता ना, आमचा आता सातवीत गेलाय, त्याला फाउंडेशन, म्हणजे जेईई-नीटच्या कोचिंगचा लहान मुलांसाठीचा कोर्स, कुठे लावू, भंवरकुआच्या क्लासला की गीता भवनच्या? विचारणाऱ्या आया काळजीपोटी विचारतात हे मला कळतं, अख्ख्या इंदूरात होर्डिंग लागलेत, शेजारचा मुलगा सहावीपासून जातोय, मग आपलं पोर मागे पडेल असं वाटणारच. मी इथल्या एका खाजगी इंजिनिअरिंग कॉलेजात फर्स्ट इयरला गणित शिकवते आणि माझी स्वतःची मुलगी सातवीत आहे, त्यामुळे या प्रश्नाची दोन्ही टोकं मला रोज दिसतात, म्हणून एकदा सविस्तर लिहिते.

माझं मत असं की सहावी ते आठवीत जेईई-नीटच्या नावाने काहीही लावू नका. हे मी एकटीच म्हणत नाहीये, केंद्राच्या शिक्षण मंत्रालयाने जानेवारी २०२४ मध्ये कोचिंगसाठी गाइडलाइन काढल्या त्यातच लिहिलंय की १६ वर्षांखालच्या मुलांना प्रवेश द्यायचा नाही, दहावीची परीक्षा झाल्यावरच घ्यायचं. शिवाय जेईई मेनचा पेपर असतो अकरावी-बारावीच्या सिलॅबसवर. बारा वर्षांच्या मुलाला त्याची चव आधीच देऊन काय मिळतं, तर थकवा आणि गणिताची भीती. पण म्हणून या तीन वर्षांत काहीच करायचं नाही असंही नाही हं, उलट खरं काम याच वर्षांत असतं, फक्त ते फी भरून होत नाही.

माझ्या वर्गात जी मुलं येतात त्यातली बरीच दोन-दोन वर्षं कोचिंग करून आलेली असतात. इंटिग्रेशनचे फॉर्म्युले तोंडपाठ. आणि अडतात कुठे, तर एक छेद एक्स अधिक एक छेद वाय याचं उत्तर दोन छेद एक्स अधिक वाय असं लिहितात, दरवर्षी कोणीतरी असतंच, आणि हुशार मुलं असतात ती. आता हे सहावीचं गणित आहे. एक्सला दोन आणि वायला तीन घेऊन बघा, अर्धा आणि एक तृतीयांश मिळून दोन पंचमांश होऊच शकत नाही कारण दोन पंचमांश अर्ध्यापेक्षाही कमी आहे, म्हणजे मिळवल्यावर उत्तर लहान झालं, हे सहावीत एकदा मनात बसलं असतं तर अठराव्या वर्षी पेन तिथे आपोआप थांबलं असतं. अपूर्णांक, गुणोत्तर, टक्केवारी, वजा चिन्ह, कंस सोडवणं, एवढंच पक्कं करून घ्या. गुणोत्तर कच्चं असेल तर अकरावीच्या केमिस्ट्रीत मोल कन्सेप्ट, म्हणजे कोणता पदार्थ किती प्रमाणात लागेल याचा हिशेब, डोक्यावरून जातो, आणि मग घरचे म्हणतात याला केमिस्ट्री जमत नाही. अहो केमिस्ट्री जमतेय त्याला, सातवीचं गुणोत्तर राहून गेलंय.

घरी काय करता येईल विचाराल तर रोज वीस-पंचवीस मिनिटं पुरतात. एनसीईआरटीचंच पुस्तक, पण गणित सोडवायच्या आधी विचारायचं की उत्तर साधारण किती येईल, जास्त येईल की कमी, आणि सोडवून झाल्यावर त्यानेच आपल्याला समजावून सांगायचं. आपल्याला येत नसलं तरी चालतं, उलट बरंच, कारण मग त्याला खरंच समजावावं लागतं. स्वयंपाकघरात तर गणिताची खाणच आहे. चार जणांना तीन वाट्या साबुदाणा लागतो, आज सात जण आहेत, किती भिजवू? सव्वापाच वाट्या हे उत्तर मुलीने तोंडी काढलं की एक अख्खा धडा झाला. आणि घरात आजोबा असतील ज्यांना अजून पावकी, निमकी, दिडकी, म्हणजे पाव, अर्धा, दीडचे पाढे पाठ आहेत, तर मुलांना त्यांच्याशेजारी बसवाच, हा ठेवा आपल्या घरांमध्ये होता आणि आता कोणी विचारत नाही याचं मला फार वाईट वाटतं.

दुसरी गोष्ट वाचन. फर्स्ट इयरच्या मुलाला चार ओळींचा प्रॉब्लेम दिला तर तो वाचतच नाही, आकडे शोधतो आणि फॉर्म्युल्यात टाकतो. पुस्तकाचं एक पान एकट्याने बसून वाचून समजून घेणं ही सवय अकरावीत लावू म्हटलं तर लागत नाही, तेव्हा वेळच नसतो. आणि पुढे कुठेही जा, लॉची प्रवेश परीक्षा क्लॅट तर २०२० पासून सगळी उताऱ्यांवरच असते. आपल्या मुलांचा एक फायदा असा की घरी मराठी, बाहेर हिंदी, शाळेत इंग्लिश, आणि हिंदीमुळे देवनागरी येतेच म्हणजे मराठी वाचायला वेगळं काही शिकावं लागत नाही. तरी किती घरांत मुलं मराठी बोलतात पण वाचत नाहीत. काहीही वाचू द्या, गोष्टी, क्रिकेटच्या बातम्या, घरी येणारा पेपर, अहिल्या लायब्ररीत घेऊन जा, तिथे तासभर नुसतं कपाटं बघत फिरू द्या. मात्र वाचलेल्यावर प्रश्न विचारून परीक्षा घेऊ नका, रस जातो.

झोपेबद्दल एकच सांगते, ६ ते १२ वर्षांच्या मुलांना ९ ते १२ तास झोप लागते असं डॉक्टर सांगतात, शाळा, मग ट्यूशन, मग फाउंडेशन, मग होमवर्क असं लावलं की ते गणित कुठेच बसत नाही.

स्वतःची कामं स्वतः करणं, याकडे तर आपण कॉलेजची तयारी म्हणून बघतच नाही. फर्स्ट इयरला आई-बाबांचे फोन येतात की सबमिशन कधी आहे, मुलगा समोर बसलेला असतो आणि विचारायला लाजतो. सातवीपासून सवय लावा ना. शाळेत काही अडचण असेल तर आधी त्याने स्वतः टीचरशी बोलायचं, आपण मागे उभं राहायचं. दप्तर, डबा, युनिफॉर्म त्याचं त्याने. १० वर्षांवरच्या मुलांना बँका स्वतःच्या सहीने बचत खातं चालवू देऊ शकतात, रिझर्व्ह बँकेची तशी परवानगी आहे, तर खातं उघडून स्लिप त्यालाच भरू द्या. पुण्याला जाताना रेल्वेचं तिकीट काढायला शेजारी बसवा, पीएनआर म्हणजे काय, वेटिंग म्हणजे काय, हे कळलेलं मूल होस्टेलला गेल्यावर घाबरत नाही.

आता मला सगळ्यात आवडणारा भाग. आपण इंदूरात राहतो आणि मुलांना कॉलेज फक्त होर्डिंगवरच्या फोटोत दिसतं! आयआयटी सिमरोलला आहे, आयआयएम राऊला, एसजीएसआयटीएस हे इंजिनिअरिंग कॉलेज १९५२ चं, होळकर सायन्स कॉलेज तर १८९१ चं, आणि आपण त्याच्यासमोरून कोचिंगची चौकशी करायला जातो. तिथे मूल नेऊन नुसती ती इमारत दाखवा, आत कोण शिकतं, काय शिकतं ते बोला. राजा रामण्णा केंद्र ही इथली केंद्र सरकारची संशोधन संस्था, जिला आपण अजून कॅट या जुन्याच नावाने ओळखतो, तिथे इंडस-२ नावाचं सिंक्रोट्रॉन आहे, १७२ मीटर परिघाचं यंत्र, इलेक्ट्रॉन त्यात गोल फिरवून त्यांच्यापासून निघणारा प्रकाश प्रयोगांना वापरतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाच्या सुमारास तिथे विद्यार्थ्यांना आत नेऊन दाखवतात, शाळेला जानेवारीतच सांगून ठेवा.

आणि फक्त इंजिनिअरिंग-मेडिकल दाखवू नका हो. कृषी महाविद्यालय जिथे आहे तिथेच १९२४ मध्ये अल्बर्ट हॉवर्ड या इंग्रज शास्त्रज्ञाने संशोधन संस्था सुरू केली आणि कंपोस्ट खत करायची पद्धत बसवली, ती आजही जगभर इंदूर पद्धत म्हणून ओळखली जाते. कचरा वेगळा करण्यात पहिला नंबर आणणाऱ्या शहरातल्या मुलांना हे माहीत नसावं? चित्रं काढणारं मूल असेल तर त्याला सांगा की नारायण श्रीधर बेंद्रे १९१० मध्ये इथेच इंदूरात जन्मले, इथेच देवळालीकर मास्तरांकडे चित्रकला शिकले, चित्रकार एम. एफ. हुसेनही त्याच चित्रशाळेतले, आणि बेंद्रे पुढे बडोद्याच्या विद्यापीठात चित्रकलेचे प्राध्यापक झाले. २०२० च्या नव्या शिक्षण धोरणात सहावी ते आठवीला १० दिवस बिनदप्तराचे ठेवायला सांगितलंय, सुतार, माळी, कुंभार अशा लोकांकडे जाऊन शिकायचं. तुमच्या शाळेत ते होतात का हे पालक मीटिंगमध्ये जरूर विचारा, नुसत्या टक्क्यांबद्दल विचारून घरी येऊ नका.

कागदपत्रांचं मात्र मी हात जोडून सांगते, आठवी संपायच्या आत बघा. आपल्या मराठी घरांत नाव, वडिलांचं नाव, आडनाव अशी पद्धत, आणि इथल्या शाळांमध्ये नुसतं नाव आणि आडनाव. मग होतं काय, जन्म दाखल्यावर तीन शब्द, आधारवर दोन, समग्र आयडीत, म्हणजे मध्य प्रदेश सरकारच्या कुटुंब-नोंदणीत, आडनावाचं स्पेलिंग तिसरंच, कुठे देशपांडेच्या शेवटी एक अक्षर जास्त. सीबीएसईचं रजिस्ट्रेशन नववीत होतं आणि तिथे जे नाव जातं तेच दहावीच्या मार्कशीटवर छापून येतं, आणि दहावीची मार्कशीट म्हणजे पुढे आयुष्यभर नावाचा आणि जन्मतारखेचा पुरावा. नंतर बदलायचं म्हणजे ॲफिडेव्हिट, बोर्ड, चकरा, आणि हे सगळं नेमकं कॉलेज प्रवेशाच्या काउन्सेलिंगच्या धावपळीत उघडकीला येतं. कोणतं एक रूप ठेवायचं ते घरात ठरवा आणि सगळीकडे तेच करून घ्या. आधारमध्ये जन्मतारीख एकदाच बदलता येते, तेव्हा आधी जन्म दाखला तपासा मग आधारला हात लावा. १५ वर्षं झाल्यावर बोटांचे ठसे पुन्हा द्यायचे असतात तेही लक्षात ठेवा. मूलनिवासी, म्हणजे राज्याचे रहिवासी असल्याचं, आणि लागू असेल तर जातीचं प्रमाणपत्र, हेही आत्ताच काढून ठेवा.

मूलनिवासीवरून आठवलं. आपल्याकडे बऱ्याच घरांत आधीच ठरलेलं असतं की बारावीनंतर पुण्याला मावशीकडे. पण महाराष्ट्रातल्या राज्याच्या कोट्याच्या जागा तिथलं डोमिसाइल आणि तिथली दहावी-बारावी बघून देतात, इंदूरात शिकलेल्या आपल्या मुलांना बहुतेक करून ऑल इंडियाच्या थोड्या जागा किंवा खाजगी आणि डीम्ड कॉलेजं उरतात, तिथे फी जास्त. याउलट इथे आपण घरचे आहोत. एनआयटीमध्ये निम्म्या जागा होम स्टेटच्या असतात, म्हणजे मॅनिटमध्ये, म्हणजेच भोपाळच्या एनआयटीमध्ये, मध्य प्रदेशातून बारावी केलेल्यांना त्याचा फायदा. इथे एक बारीक गोष्ट आहे जी खूप लोकांना माहीत नसते, बारावी ज्या राज्यातून पास झाला तेच त्याचं होम स्टेट धरतात, तेव्हा अकरावीला कोचिंगसाठी राजस्थानातल्या कोटा शहरात पाठवून तिथल्याच शाळेतून बारावी करवली तर मॅनिटमधला हा हक्क जातो. पाठवायचं की नाही हे तुम्ही ठरवा, पण माहीत असून ठरवा.

पैशांचं थोडक्यात. सातवीच्या जुलैपासून महिन्याला ३,००० बाजूला टाकले तर बारावीनंतरच्या जूनपर्यंत ७२ हप्ते होतात, २,१६,००० नुसती मुद्दल, वर जे वाढेल ते वेगळं. पीपीएफ १५ वर्षांचं असतं, आत्ता उघडलं तर सातव्या आर्थिक वर्षापासून काही भाग काढता येतो, सगळं नाही, म्हणून सगळे पैसे तिथे अडकवू नका. मुलींसाठीचं सुकन्या समृद्धी खातं मुलीच्या १० वर्षांच्या आतच उघडावं लागतं, सातवीवालीची वेळ गेली असली तरी धाकटी असेल तर बघा, आणि आधीच उघडलेलं असेल तर दहावीनंतर किंवा १८ वर्षं झाल्यावर शिक्षणासाठी निम्मे पैसे काढता येतात. आणि मुलांना साधारण अंदाज द्या घरात किती आहे याचा, बारा वर्षांचं मूल समजूतदार असतं.

आणखी एक, हे आपल्या मुलांपुरतं नाही. आपल्या घरी पोळ्या करायला, भांडी घासायला ज्या ताई येतात त्यांची मुलं बहुतेक सरकारी शाळेत असतात. त्यांच्यासाठी आठवीत एनएमएमएस नावाची केंद्र सरकारची स्कॉलरशिप परीक्षा असते, घरचं उत्पन्न वर्षाला ३.५ लाखांपर्यंत हवं, सातवीत ५५ टक्के हवेत, एससी-एसटीला ५० चालतात, आणि निवड झाली तर नववी ते बारावी दरवर्षी १२,००० मिळतात. सरकारी आणि अनुदानित शाळेतल्या मुलांनाच बसता येतं, खाजगी शाळेला नाही. परीक्षेत अर्धा पेपर बुद्धिमत्तेचा आणि अर्धा शाळेच्या विषयांचा असतो, त्याची तयारी आपल्या मुलाबरोबर त्यालाही बसवून करून घेता येते, दोघांचंही गणित पक्कं होतं. त्यांच्या आईला कोणी हे सांगितलेलंच नसतं. तुम्ही उद्या सकाळी विचारा मूल कितवीत आहे, आणि सातवी-आठवीत असेल तर उत्पन्नाचा दाखला काढायला बरोबर जा.